खूर किती कापावा, कुठे थांबावं? : वाचकांचे प्रश्न

घोड्याच्या खुरांच्या तासणीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतली मापं साधारण 400 ते 550 किलो वजनाच्या प्रौढ घोड्यासाठी आहेत. तळव्याच्या मधोमध असलेल्या रबरी त्रिकोणी भागाला आम्ही सगळीकडे फ्रॉग म्हटलं आहे. फ्रॉगच्या दोन्ही बाजूंना टाचेकडून आत वळणाऱ्या भिंतीच्या (खुराच्या बाहेरच्या कठीण कवचाच्या) पट्ट्यांना बार म्हटलं आहे.

प्रश्न : माझ्या घोड्याला नाल नाहीत. दर दोन महिन्यांनी तासणी होते, तरी शेवटच्या पंधरवड्यात खुराच्या कडेचे तुकडे पडायला लागतात. खूर कमजोर आहेत का?

उत्तर : खुराला दोष देण्याआधी मुदत कमी करून पाहा. खुराची भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते, म्हणजे दोन महिन्यांत सव्वा ते दोन सेंटिमीटर. ही वाढ सरळ खाली न जाता तिरकी पुढे जाते. टोक लांबतं, टाचाही पुढे सरकतात. पाऊल उचलताना घोड्याला त्या लांब टोकावरून वळावं लागतं आणि प्रत्येक पावलाला भिंत तळव्यापासून बाहेर ओढली जाते. भिंत आणि तळवा जिथे जुळतात ती पांढरी रेषा त्यामुळे रुंदावते, तिच्यात माती आणि खडे शिरतात आणि आधार सुटलेल्या कडेचा तुकडा निघतो.

अशा घोड्याला 4 ते 6 आठवड्यांची मुदत ठेवा. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा आठवडाभर पुढे ढकललं तर चालतं. उबदार दिवसांत आणि हिरवा चारा भरपूर असताना ती वेगाने होते, तेव्हा मात्र ढकलू नका. कॅलेंडरपेक्षा खूरच नीट सांगतो. मागच्या तासणीत कडेला दिलेली गोलाई झिजून भिंत पुन्हा धारदार झाली असेल, किंवा भिंत तळव्याच्या वर 5-6 मिलिमीटर उभी राहिली असेल, तर वेळ झाली. टोकाची भिंत केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत पूर्ण नवी यायला 9 ते 12 महिने लागतात. आज रुंद दिसणारी पांढरी रेषा दोन तासण्यांत बंद होणार नाही, वर घट्ट चिकटलेली भिंत हळूहळू खाली उतरेल तेव्हाच होईल.

प्रश्न : नालबंद फार लांबून येतो. दोन फेऱ्यांच्या मधली हलकी तासणी स्वतः करायची आहे. हत्यारं कोणती लागतील, क्रम काय ठेवावा आणि मुख्य म्हणजे कापताना थांबायचं कुठे?

उत्तर : मधल्या तासणीला खूर खरवडायचा आकडा, खुरांचा वाकडा चाकू, 14 इंची कानस, हातमोजे आणि पाय टेकवायचा स्टँड एवढं पुरतं. कापायची पक्कड सुरुवातीला घेऊच नका. कानशीने चूक झालीच तर एखाद्या मिलिमीटरची होते, पक्कड एका घासात सेंटिमीटर नेते. पहिल्या काही वेळा नालबंदाला शेजारी उभं करून, त्याच्या देखरेखीखाली काम करा.

पाय उचलण्याआधी घोडा सपाट, कडक जमिनीवर चारही पायांवर नीट उभा करा आणि समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी पाहा. मग त्याला सरळ रेषेत चालवत नेऊन परत आणा. बहुतेक निर्णय इथेच होतात. एकदा पाय मांडीवर घेतला की समोर फक्त तळवा दिसतो, त्या खुरावर उभा असलेला घोडा दिसत नाही.

आकडा टाचेकडून टोकाकडे ओढत फ्रॉगच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मोकळ्या करा, ब्रशने तळवा स्वच्छ करा. आता चाकूने टोकाजवळचा तळवा हलका खरवडा. खडूसारखा भुसभुशीत थर सुटून येईल, तो मेलेला तळवा. त्याखाली गुळगुळीत, मेणचट चमक असलेला कठीण थर लागला की चाकू बाजूला ठेवा. तो जिवंत तळवा आहे, तो कापायचा नाही. तळवा खोलगट आणि देखणा दिसावा म्हणून तो आणखी कोरणं ही सर्रास होणारी चूक आहे आणि तिची किंमत घोडा खड्यांवर पाय टाकताना मोजतो. निरोगी तळवा दीड सेंटिमीटरच्या आसपास जाड असतो. अंगठ्याने जोरात दाबल्यावर तो किंचितही दबला तर आधीच पातळ आहे. गुलाबी छटा दिसली तर रक्त अगदी जवळ आहे, तिथे काम बंद. फ्रॉगच्या टोकाजवळच्या खाचा उथळ असतील तरीही तळव्याला हात लावू नका.

हा जिवंत तळवाच तुमचं माप. भिंत टोकापासून टाचेपर्यंत त्याच्या पातळीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर वर राहील इतकीच उतरवायची. कानस दोन्ही हातांनी आडवी, सपाट धरा आणि टाचेकडून टोकाकडे लांब, संथ फेरे मारा. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा जोर नकळत एकाच बाजूवर पडतो, म्हणून दर चार-पाच फेऱ्यांनी थांबून टाचेच्या मागून तळव्यावर नजर टाका. पांढरी रेषा शोधताना नवखा माणूस हमखास फसतो. भिंतीचा आतला थर खरोखर पांढरा असतो आणि तोच रेषा वाटतो. खरी रेषा त्याच्याही आत, पिवळसर, निरोगी खुरात 3-4 मिलिमीटर रुंद आणि घट्ट असते.

टाचेची भिंत फ्रॉगच्या सर्वांत रुंद भागापर्यंत मागे आणता आली तर उत्तम, पण जिवंत तळव्याच्या पातळीखाली जाऊन नाही. बार तळव्यावर आडवे पडले असतील तर तळव्याच्या उंचीला आणा, खोदून काढू नका, टाचेचा मागचा भाग तेच तोलून धरतात. फ्रॉगच्या फक्त लोंबणाऱ्या चिंध्या आणि खाचा झाकणारे पापुद्रे काढा. भरदार फ्रॉग जमिनीला टेकलाच पाहिजे.

शेवटी पाय पुढे घेऊन स्टँडवर ठेवा आणि भिंतीच्या बाहेरच्या कडेला साधारण 45 अंशांत गोलाई द्या. टोकाला ती थोडी जास्त, टाचांकडे जवळजवळ नाही. कडेचे तुकडे पडणं थांबवायला या गोलाईइतका साधा उपाय नाही. खालून बाहेर फाकलेली भिंत कानशीने आत आणता येते, पण खालच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच. खूर वरपर्यंत घासून एकसारखा चकचकीत करू नका. त्याने भिंत पातळ होते आणि वरचा संरक्षक थर जातो.

प्रश्न : खुराचा कोन 50 अंश असावा असं वाचलं. माझ्या घोडीचा एका पुढच्या पायाला 49 आणि दुसऱ्याला 55 भरतो. दोन्ही सारखे करून घ्यावेत का?

उत्तर : नाही. पुढच्या खुरांचा कोन बहुतेक घोड्यांत 50 ते 55 अंशांच्या दरम्यान आणि मागच्यांचा थोडा जास्त असतो हे खरं, पण तो आकडा गाठणं हे तासणीचं काम नाही. कोन तपासायचा तो त्या पायाच्या स्वतःच्या हाडांशी. घोडी सपाट जमिनीवर, नळीचं हाड (गुडघ्याखालचं लांब हाड) उभं सरळ ठेवून उभी असताना बाजूने पाहा. खुराच्या वरचा तिरका भाग, म्हणजे पेस्टर्न, आणि खुराची पुढची भिंत एका सरळ रेषेत दिसली पाहिजेत. 49 अंशांच्या पायाचा पेस्टर्नही तितकाच तिरका असेल तर तो पाय बरोबर आहे.

ही रेषा दोन प्रकारे मोडते. टोक लांब आणि टाच खाली असेल तर ती मागे मोडते. मग पायाच्या मागून खुरातल्या शेवटच्या हाडापर्यंत जाणाऱ्या कंडरेवर आणि ती ज्या छोट्या नॅव्हिक्युलर हाडावरून वळते त्याच्यावर ताण वाढतो. खुराच्या मागच्या भागातलं दुखणं पुष्कळदा इथून सुरू होतं. उलट टाच फार उंच असेल तर रेषा पुढे मोडते, खूर डब्यासारखा उभा दिसतो आणि भार टोकाकडे जातो. असा उभा खूर दिसला म्हणून टाच एकदम उतरवली तर तीच कंडरा ताणली जाते. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांची चाल पाहूनच पुढचा विचार.

कोनापेक्षा जास्त उपयोगी पडते ती तळव्यावरची एक रेषा. खूर उचलून त्याचा सर्वांत रुंद भाग शोधा आणि तिथे खडूने आडवी रेषा ओढा. ती फ्रॉगच्या टोकाच्या मागे साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरवर येते. खुरातला सांधा ज्या बिंदूभोवती फिरतो तो जवळजवळ या रेषेच्या वरच असतो. रेषेपासून टोकापर्यंतचं आणि रेषेपासून टाचा जिथे जमिनीला टेकतात तिथपर्यंतचं अंतर जवळपास सारखं हवं. दुर्लक्षित खुरात पुढचं अंतर जवळजवळ नेहमीच मोठं निघतं. तेव्हा टाच खालून न उतरवता टोक पुढून मागे आणायचं असतं, म्हणजे पुढच्या कडेची गोलाई वाढवायची. टाच खाली बसलेल्या खुराचं टोक खालूनही घासलं तर तळवा पातळ होतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

टाचेच्या भिंतीचा कोन टोकाच्या कोनापेक्षा 5 अंशांहून जास्त कमी असेल तर टाचा पुढे वाहून गेल्या आहेत असं समजावं. त्या परत यायला एकापाठोपाठ बऱ्याच, जवळच्या मुदतीच्या तासण्या लागतात. सगळं एका दिवसात दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्याला थांबवा.

पडताळ्यासाठी एक लांबीचं मापही हाताशी ठेवा. टोकाच्या मध्यावर, केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत, 400 किलोच्या आसपासच्या घोड्यात साधारण साडेसात सेंटिमीटर, 450 किलोला सव्वाआठ आणि 550 किलोला नऊच्या जवळ. तुमच्या घोडीच्या दोन पायांत यात मोठी तफावत निघाली तर तासणीआधी बाजूने काढलेला एक्स-रे नालबंदाला दाखवा. आतल्या हाडाची ठेवण आणि तळव्याची जाडी बाहेरून अंदाजाने कळते, एक्स-रेमध्ये मोजता येते.

प्रश्न : मागून पाहिलं तर डाव्या पुढच्या पायाची आतली टाच बाहेरच्या टाचेपेक्षा वर सरकलेली दिसते. आतली बाजू कमी करावी का?

उत्तर : आधी चाल पाहा. घोडा कडक जमिनीवर सरळ चालवा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये समोरून चित्रण करा, मोबाइल जमिनीजवळ धरून. पाऊल सपाट पडलं किंवा बाहेरची बाजू अगदी किंचित आधी टेकली तर चिंतेचं कारण नाही. आतली टाच ठळकपणे आधी आपटत असेल तर प्रत्येक पावलाचा धक्का तिच्यावर बसतोय. तो धक्का टाचेची गादी आणि वरची केसांची कड दोन्ही वर ढकलतो आणि कालांतराने दोन टाचांच्या मधली फट खोल होते.

जी बाजू आधी टेकते ती तळव्याच्या पातळीपर्यंत उतरवायची. मात्र आतला तळवा तिथे पुरेसा आहे का, ते अंगठा दाबून बघितल्याशिवाय नाही. दोन्ही बाजूंची उंची ताडून पाहायला पाय नळीच्या हाडाला सैल धरा, खूर आपोआप लोंबू द्या आणि टाचेवरून टोकाकडे नजर टाका. पाय बाहेर ओढून धरला तर सपाट खूरही वाकडा दिसतो, म्हणून या एका नजरेवर विसंबू नका. केसांची कड दोन्ही बाजूंना जमिनीपासून सारख्या उंचीवर आहे का, तेही बघा.

घोड्याचा पायच मुळात आत किंवा बाहेर वळलेला असेल तर प्रौढ वयात तासणीने तो सरळ होत नाही. खूर सरळ दिसावा म्हणून एक बाजू उंच ठेवली की वरच्या सांध्यांना ते वळण सोसावं लागतं. अशा घोड्याच्या खुराचा तोल त्याच्या वाकड्या पायाप्रमाणेच ठेवायचा.

प्रश्न : फ्रॉगमधून काळा, घाण वासाचा द्रव येतो. तासणीनंतर बरं वाटतं, पुन्हा सुरू होतं.

उत्तर : हा थ्रश. हवा न पोचणाऱ्या, ओल्या खाचांत वाढणारे जंतू फ्रॉग कुजवतात. तासणीने बरं वाटतं कारण झाकलेल्या खाचांना हवा मिळते. पुन्हा येतं कारण जागा ओलीच राहते, किंवा टाचा इतक्या उंच आहेत की फ्रॉग जमिनीला टेकतच नाही आणि आकसत जातो.

रोज खूर साफ करा, कुजलेले सुटे पापुद्रे काढा, कोरडं करा आणि पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस मधल्या फटीत हलका बसवा. कापूस रोज बदला. मधली फट इतकी खोल असेल की आकड्याचं टोक आत जातं आणि घोडा पाय ओढून घेतो, तर जंतू जिवंत भागापर्यंत पोचलेत. तिथे डॉक्टर लागतो. फॉर्मलिन किंवा असली जळजळीत रसायनं ओतू नका, ती जंतूंबरोबर जिवंत पेशीही मारतात. ठाणावरची ओली लीद आणि मूत्र दिवसातून दोनदा काढलं नाही तर कोणतंही औषध टिकणार नाही.

प्रश्न : पुढच्या खुराच्या टोकाला खालून वर जाणारी चीर आहे. नाल ठोकून बांधून घ्यावी का?

उत्तर : चीर खालच्या कडेपासून सुरू होऊन अर्ध्याच्या आत थांबली असेल, रक्त किंवा पू नसेल आणि घोडा लंगडत नसेल, तर टोक मागे आणा आणि चिरेखालची भिंत जमिनीला टेकणार नाही इतकी घासून घ्या. भार निघाला की ती वर चढत नाही आणि नव्या भिंतीबरोबर खाली उतरून कापली जाते. केसांच्या कडेतून सुरू झालेली चीर, किंवा पाऊल टाकताना उघडझाप करणारी, ही वेगळी गोष्ट. तिला आधार देणारा नाल आणि डॉक्टर दोन्ही लागतात.

नाल ठोकायची वेळ आलीच तर खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे जाऊ देऊ नका. भार पडला की टाचा बाजूंना फाकतात. मागे खिळे ठोकले की ते थांबतं. नालाची टोकं टाचेच्या शेवटापर्यंत पोचली पाहिजेत. आखूड नाल टाचेला चिरडतो.

प्रश्न : तासणीनंतर घोडा दोन दिवस खडीवर जपून चालतो. हे नेहमीचं समजायचं का?

उत्तर : समजू नका. नीट तासलेला घोडा त्याच दिवशी आधीइतका किंवा आधीपेक्षा मोकळा चालायला हवा. जपून चालतो म्हणजे तळवा कापला गेला किंवा भिंत तळव्याच्या खाली गेली. त्याला मऊ जमिनीवर ठेवा, खुरांना बूट असतील तर घाला आणि पुढच्या तासणीत तळव्याला चाकू लावू देऊ नका.

एकाच पायाने अचानक, पाय टेकवत नाही इतकं लंगडणं, खूर गरम आणि पायाच्या मागच्या बाजूची नाडी जोरात उडणं, हे बहुधा खुरातल्या पूचं लक्षण. ही नाडी घोट्याच्या सांध्याच्या मागे, दोन्ही कडांना बोटांनी हलकं चाचपलं की लागते. निरोगी घोड्यात ती जेमतेम जाणवते. आपल्या घोड्याची नाडी एरवी कशी लागते हे आत्ताच चाचपून ठेवा, म्हणजे फरक पडला की लगेच कळेल.

दोन्ही पुढच्या पायांत ही नाडी जोरात असेल, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा असेल आणि वळायला नकार देत असेल, तर लॅमिनायटिसचा, म्हणजे भिंतीला आतल्या हाडाशी जोडणाऱ्या थराच्या सुजेचा, संशय धरा आणि त्याच तासाला डॉक्टर बोलवा. धान्य बंद करा, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि डॉक्टर येईपर्यंत चालवू नका. या अवस्थेत एक्स-रेशिवाय तासणी करू नये. आतलं हाड फिरलं असेल तर टोक आणि टाच किती काढायची, हे त्या चित्रावरूनच ठरतं.

प्रश्न : शिंगराची पहिली तासणी केव्हा?

उत्तर : चार ते सहा आठवड्यांचं झालं की नालबंदाला दाखवा. कापण्यासारखं फारसं नसतं, कडा कानशीने सारख्या केल्या तरी पुरतं. दाखवणं महत्त्वाचं, कारण घोट्याजवळच्या हाडाची वेगाने होणारी वाढ तीन-चार महिन्यांत जवळजवळ संपते. तिथलं वाकडेपण सुधारायचं तर त्याच्या आत. म्हणून पहिल्या काही महिन्यांत दर चार आठवड्यांनी तपासणी हवी. पाय उचलून द्यायची सवय मात्र पहिल्या आठवड्यापासून लावा, रोज दोन-दोन मिनिटं.

प्रश्न : बायोटिनने खूर सुधारतात का? किती द्यावं?

उत्तर : ठिसूळ, पापुद्रे सुटणाऱ्या भिंतीला फरक पडतो. 500 किलोच्या घोड्याला रोज 15 ते 20 मिलिग्रॅम, निदान सहा ते नऊ महिने सलग. जुन्या भिंतीवर त्याचा काही परिणाम होत नाही. फरक केसांच्या कडेखाली येणाऱ्या नव्या पट्टीत दिसतो, तो दोन-तीन महिन्यांनी तपासा. आहारात जस्त आणि तांबं कमी असेल तर नुसत्या बायोटिनने काम होत नाही, म्हणून आधी खाद्य तपासून घ्या. आणि टोक लांब राहिलं असेल तर बायोटिन देऊनही भिंत फाटतच राहील.